पोरगी स्टार्टअपला लागली, म्हणजे नक्की काय करते?

सांगलीच्या वालचंदला किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीला शेवटच्या वर्षात असलेल्या मुलामुलींच्या घरी हल्ली एक पत्र येतं. कंपनीचं नाव घरात कुणी ऐकलेलं नसतं. ती निघून चार वर्षं झालेली असतात, ऑफिस पुण्यात बाणेरला नाहीतर बंगळुरूला असतं, आणि आकडा मात्र १४ लाखांचा असतो. पेढे वाटून होतात. मग पहिल्या महिन्यात खात्यावर ६९ हजार जमा होतात. पोरगी रात्री दीडला उठून लॅपटॉप उघडते. तुझं नेमकं काम काय, असं विचारलं की दर तीन महिन्यांनी निराळं उत्तर मिळतं. आईवडिलांच्या मनात पाल चुकचुकते : कुठे फसली तर नाही ना?

सहसा फसलेली नसते. भराभर वाढणारी कंपनी आतून कशी चालते, हे कुणी घरी बसून समजावलेलं नसतं, इतकंच. ते इथे समजावतो. आकडे उदाहरणाचे आहेत, पण हिशेब असाच होतो.

छोटी कंपनी आणि स्टार्टअप, फरक काय?

कुपवाड एमआयडीसीतला छोटा कारखानदार एका लेथवर कमावतो आणि त्या कमाईतून दुसरा लेथ घेतो. त्याची वाढ त्याच्या नफ्याला बांधलेली असते. स्टार्टअप नफ्याची वाट पाहत नाही. दुसऱ्याचा पैसा घेऊन आधी माणसं भरते, माल बनवते, गिऱ्हाईक गोळा करते. कमाई मागून यायची असते.

तासगाव-पलूस भागात ज्यानं द्राक्षबाग लावली आहे, त्याला हे चटकन कळेल. खुंटरोप लावा, मांडव उभा करा, तारा ओढा, ठिबक टाका, कलम भरा. पहिला घड दिसायच्या आत सगळा पैसा रानात गेलेला असतो. फरक दोन. बागेला फळ कधी लागणार हे माहीत असतं, स्टार्टअपमध्ये फळ लागणार की नाही हेच शोधायचं असतं. आणि बागेला पैसा सोसायटीचा किंवा बँकेचा, तो व्याजासकट फेडायचा. स्टार्टअपचा पैसा गुंतवणूकदाराचा. तो व्याज मागत नाही, मालकीत वाटा घेतो. त्यानं एकाच वेळी वीस-पंचवीस कंपन्यांत पैसे घातलेले असतात. बऱ्याच बुडणार हे त्यानं धरलेलं असतं, पण एखादी अशी पिकली पाहिजे की सगळ्यांची भरपाई व्हावी. म्हणून बेतानं, वर्षाला दहा-पंधरा टक्के वाढणारी कंपनी त्याच्या कामाची नसते. पुढची सगळी धावपळ, अपुरी झोप, बदलती कामं यांचं मूळ इथं आहे.

आपल्या सांगली जिल्ह्याला हा प्रकार तसा नवा नाही. १९१० साली औंध संस्थानातल्या एका ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. लोखंडी नांगर बनवणं हे अर्धंच काम होतं. लाकडी नांगराला सरावलेल्या शेतकऱ्याला तो पटवून देणं हे उरलेलं अर्धं. माल बनवताना गिऱ्हाईकही घडवायचं, आणि हाताशी असलेल्या माणसांनी पडेल ते काम करायचं, हे किर्लोस्करवाडीत आजच्या अ‍ॅपवाल्यांच्या शंभर वर्षं आधी होऊन गेलं.

पैसा किती दिवस पुरणार?

समजा, एक कंपनी आहे. बेदाणा पिकवणारे शेतकरी, शीतगृहवाले आणि व्यापारी यांना ती एका अ‍ॅपवर आणते. तिला ‘बेदाणा कंपनी’ म्हणू. तिच्या बँकेत १२ कोटी आहेत. महिन्याचा खर्च १ कोटी, उत्पन्न ४० लाख. म्हणजे दर महिन्याला ६० लाख गाठीचे जातात. या तुटीला तिथं ‘बर्न’ म्हणतात. १२ कोटी भागिले ६० लाख, म्हणजे २० महिने. या मुदतीला ‘रनवे’ म्हणतात, विमानाच्या धावपट्टीवरून. पट्टी संपायच्या आत विमान उडालं पाहिजे, नाहीतर पट्टी तरी लांबवायला हवी.

आता कंपनी तीस माणसं घेते. खर्च १ कोटी ४० लाखांवर जातो, उत्पन्न ५० लाख होतं. तूट ९० लाख. २० महिन्यांचे एकदम १३ महिने झाले. शिवाय नवा पैसा उभा करायला चार-सहा महिने सहज जातात : गुंतवणूकदारांच्या भेटी, हिशेबाची तपासणी, करारमदार. म्हणजे मोकळेपणानं काम करायला हातात राहिले सात ते नऊ महिने. त्यात वाढ दिसली तर गुंतवणुकीची पुढची फेरी मिळते. नाही दिसली तर खर्च कापावा लागतो, आणि अशा कंपनीचा सगळ्यात मोठा खर्च पगाराचा असल्यामुळे माणसं कापली जातात. चांगलं काम करणाऱ्याचीही नोकरी जाते ती अशी. त्यात त्याचा दोष काढायचं घरच्यांना काही कारण नसतं.

मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं विचारतात, तेव्हा रनवे किती महिन्यांचा आहे हे सरळ विचारावं. चांगली कंपनी आकडा सांगते, निदान ‘दीड वर्षाच्या पुढे’ एवढं तरी सांगते. विषय बदलला तर ते उत्तरच समजा.

दिवसभर करतात काय?

काम दोन-दोन आठवड्यांच्या पाळीत कापलेलं असतं. तिला ‘स्प्रिंट’ म्हणतात. कामाचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ‘तिकीट’. सकाळी दहा-पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या बैठक : काल काय झालं, आज काय करणार, अडलंय कुठे. ती पाऊण तासावर जायला लागली, की गटात माणसं जास्त झाली असं समजावं.

तिकीट कसं पुढे सरकतं, ते एका उदाहरणानं पाहू. शेतकऱ्याला आपल्या मालाचे जुने सौदे तारखेनुसार पाहता यावेत, एवढंच तिकीट आहे. एक पडदा (स्क्रीन), एक यादी. कोड, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहायला दीड दिवस पुरतो. पण तिकीट पूर्ण व्हायला पाच दिवस लागतात, आणि हे पाच दिवस कशात जातात हे कळलं की हा पेशा बराचसा कळतो.

आधी विचारपूस करायची. ‘तारीख’ म्हणजे कुठली? माल शीतगृहात आला ती, सौदा झाला ती, की पैसे जमा झाले ती? तिन्ही वेगळ्या असतात. इथं अंदाजानं पुढं गेलं तर चौथ्या दिवशी सगळं पुन्हा करावं लागतं. मग मूळ कोडची वेगळी प्रत काढून तिच्यात बदल करायचा. मग तो दुसऱ्या कुणीतरी ओळीनं ओळ वाचायचा. हे वाचन झाल्याशिवाय बदल मूळ कोडमध्ये मिसळत नाही. वाचणारा विचारतो : यादी रिकामी असेल तर पडद्यावर काय दिसेल? एका शेतकऱ्यानं दुसऱ्याचा खातेक्रमांक टाकला तर त्याचे सौदे दिसतील का? त्यानंतर बदल ‘स्टेजिंग’वर जातो. खऱ्या यंत्रणेची ती जुळी प्रत. तिथं चाललं, की खऱ्या यंत्रणेवर आधी शंभरातल्या पाच जणांना दाखवायचा, तासभर चुकांचा आलेख बघायचा, मग सगळ्यांना. बिघडलंच तर एका आज्ञेनं मागची आवृत्ती परत आणायची सोय आधीच करून ठेवायची.

एवढं करूनही चुकतं. ते इथं : स्टेजिंगवर २,००० सौदे असतात, खऱ्या यंत्रणेवर २० लाख. दोन हजारांत शोधायला क्षणही लागत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही की या शोधाला ‘इंडेक्स’ नाही. इंडेक्स म्हणजे पुस्तकामागची सूची. सूची नसलेल्या दप्तरात एका खातेदाराचं नाव शोधायचं तर तलाठ्याला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं उलटावं लागेल. संगणकही तेच करतो, प्रत्येक शेतकऱ्यासाठी, प्रत्येक वेळी. २० लाख ओळी. पडदा आठ-दहा सेकंद गोल फिरत राहतो, माणूस वैतागून पुन्हा दाबतो, आणि तोच शोध दुसऱ्यांदा सुरू होतो.

कामात नव्यानं लागलेल्याला मी एकच सल्ला देईन : ‘माझा कोड कोण वाचणार?’ हे रुजू व्हायच्या आधी विचारा. स्टार्टअपमध्ये शिकायला खूप मिळतं असं म्हणतात. तुमचा कोड वाचून त्यातली खोट दाखवणारं अनुभवी माणूस असेल तर ते खरं ठरतं. नसेल तर दोन वर्षांत फक्त चुकीच्या सवयी पक्क्या होतात.

माणसं वाढली तर काम सोपं व्हायला नको का?

हा आक्षेप हमखास येतो. घरच्या वीस माणसांचा स्वयंपाक एकटी बाई आठवणीवर करते. पाचशेच्या पंगतीला आठवण पुरत नाही. वजन लिहून घ्यावं लागतं, चुली वाढवाव्या लागतात, वाढप्यांना रांगा वाटून द्याव्या लागतात. तीच बाई, तीच आमटी, पण काम वेगळं.

सहा जणांच्या गटात बोलणाऱ्या जोड्या १५ होतात. बारा जणांत ६६. पन्नास जणांत १,२२५. माणसं आठपट झाली, जोड्या ऐंशीपट. सहा जण होते तेव्हा एका टेबलावर हाक मारली की काम व्हायचं. पन्नास झाले, की कुणाला काय माहीत आहे हेच कुणाला माहीत नसतं. मग गट पाडतात, वर लीड म्हणजे गटप्रमुख नेमतात, सगळं लिहून ठेवायला लागतात. काल जिच्याकडे अख्खं अ‍ॅप होतं, तिच्याकडे आज फक्त पैसे जमा होण्याचा भाग असतो. तिला वाटतं आपलं महत्त्व कमी झालं. ‘तुझं काम काय’ याचं उत्तर दर तीन महिन्यांनी बदलतं ते यामुळे. त्यात नव्या माणसाला कामाचं होईपर्यंत दोन-तीन महिने लागतात, आणि त्याला शिकवणारा जुना माणूस तेवढा वेळ आपल्या कामातून देतो. तीस माणसं घेतली की आधी काम मंदावतं. सगळ्या कंपन्यांत हे होतं. तारखा ठरवताना ते धरणारी कंपनी मात्र विरळा.

यंत्रांचंही असंच होतं, आणि ते जवळून बघण्यासारखं आहे. बेदाणा कंपनीची सगळी माहिती पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकी दप्तरात, आहे. मुद्दाम बदलला नाही तर हा डेटाबेस एका वेळी १०० जोडण्या स्वीकारतो, आणि त्यांतल्या ३ देखभालीसाठी राखून ठेवतो. उरल्या ९७. कंपनीचे चार सर्व्हर, म्हणजे अ‍ॅप चालवणारे संगणक, आहेत आणि प्रत्येक सर्व्हर २० जोडण्या धरून ठेवतो. ८० झाल्या. वर्षभर सुरळीत चाललं. मग हंगाम आला, बेदाण्याची आवक वाढली, अ‍ॅप मंदावलं. कुणीतरी दोन सर्व्हर वाढवले. सहा गुणिले वीस, १२०. नव्या सर्व्हरांनी जोडणी मागितली, डेटाबेसनं नाही म्हटलं, आणि एवढा वेळ निदान सावकाश चालणारं अ‍ॅप अर्ध्या लोकांना बंदच दिसायला लागलं. गर्दी हटवायला आणलेली माणसंच दारात अडकली.

त्यात भर म्हणजे, अ‍ॅपला उत्तर मिळालं नाही की ते आपणहून तीनदा पुन्हा विचारतं. चौपट मागणी. अशा वेळी अनुभवी माणूस सर्व्हर वाढवत नाही. प्रत्येक सर्व्हरच्या जोडण्या वीसवरून बारावर आणतो, ७२ होतात, दार मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी मध्ये एक ‘पूलर’ बसवतो. तो थोड्याच जोडण्या आळीपाळीनं सगळ्यांना देतो. पुन्हा विचारायचं तर एक, दोन, चार सेकंद थांबून विचार, असं अ‍ॅपला शिकवतो. हे सगळं ज्यांना आधीच माहीत होतं त्यांनी आधीच का केलं नाही? कारण चार सर्व्हर असताना ते बरोबरच होतं. वाढणाऱ्या कंपनीत काल बरोबर असलेली गोष्ट आज चुकीची ठरते. तिथल्या कामाचा निम्मा थकवा या एका गोष्टीतून येतो.

रात्री दीड वाजता कसलं काम?

अ‍ॅप चोवीस तास चालतं, म्हणून आळीपाळीनं एकेकानं जागल्या राहायचं असतं. याला ‘ऑन-कॉल’ म्हणतात. यंत्रणा बिघडली की त्या आठवड्यात ज्याची पाळी त्याचा फोन वाजतो, आणि ठरलेल्या वेळेत, समजा पंधरा मिनिटांत, त्यानं लॅपटॉपसमोर बसायचं. ज्यांच्या घरी शेतीची वीज आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री येते, त्यांना हे सांगायला नको. रात्रीच्या आठवड्यात पाणी धरायला उठायचंच असतं.

गटात सहा जण असतील तर दीड महिन्यातून एक आठवडा येतो. तो निभतो. तिघेच असतील तर दर तिसरा आठवडा, आणि ते सहा महिन्यांच्या वर कुणाच्यानं होत नाही. म्हणून विचारायचं : पाळीत किती जण? महिन्यात रात्रीचे फोन साधारण किती? रात्र जागल्यावर दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे का, वेगळा भत्ता आहे का? फोन आठवड्यातून एक-दोनदा येत असेल तर चालतं. रोज येत असेल तर यंत्रणेची दुरुस्ती टाळून माणसाला जागवलं जातंय.

बिघाडानंतर काय होतं, त्यावरही कंपनी ओळखता येते. चांगल्या ठिकाणी दोन दिवसांत एक टिपण लिहिलं जातं : किती वाजता काय झालं, कशामुळे, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलणार. त्यात ‘कुणामुळे’ हा रकाना नसतो. नाव घेऊन झोडपायला लागले की पुढच्या वेळी लोक चूक लपवतात, आणि लपवलेली चूक महाग पडते.

१४ लाखांचे ६९ हजार कसे झाले?

१४ भागिले १२ केलं तर महिना १ लाख १६ हजार येतात. मग बाकीचे गेले कुठे? पत्रावरचा आकडा ‘सीटीसी’चा असतो, म्हणजे तुमच्यापायी कंपनी जे जे खर्च धरते त्याची बेरीज. ती फोडली की अशी दिसते : पक्का पगार ९ लाख, कामगिरीवरचा भाग १ लाख, रुजू होण्याचा बोनस १ लाख, आणि कंपनीच्या शेअरचे हक्क ३ लाख.

दर महिन्याशी संबंध फक्त पहिल्या ९ लाखांचा. त्यातही मूळ वेतन साडेचार लाख धरलं तर ग्रॅच्युइटीपोटी त्याचे ४.८१ टक्के, म्हणजे २१,६४५ रुपये, याच ९ लाखांत मोजलेले असतात. कायम नोकरीत ही रक्कम सहसा सलग पाच वर्षं काढल्यावरच मिळते. कंपनीनं पीएफमध्ये घालायचा हिस्सा, महिना १,८०० धरला तर वर्षाचे २१,६००, तोही यातच. उरले ८,५६,७५५. बारानं भागलं की ७१,३९६. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला. राहिले ६९,३९६. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो. आयकर यात नाही, कारण २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत तो लागत नाही.

कामगिरीवरचा १ लाख कंपनीचं वर्ष कसं गेलं त्यावर मिळतो. पूर्ण मिळेलच असं धरून गाडीचा हप्ता घेऊ नका. रुजू होण्याच्या बोनसला बहुधा अट असते : वर्षाच्या आत सोडलं तर परत करा. ती अट पत्राच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक अक्षरात असते. शोधून वाचा.

शेअरच मिळाले, मग काळजी कसली?

इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून सावकाश जाऊ.

सहकारी साखर कारखान्याचा शेअर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पैसे भरले, सभासद झालात, कागद हातात. स्टार्टअप देते तो शेअर नसतो. पुढे कधीतरी ठरलेल्या भावात शेअर घेण्याचा तो हक्क असतो. याला ‘ईसॉप’ म्हणतात. समजा १,००० हक्क मिळाले, घेण्याचा भाव १० रुपये आणि आजची अंदाजी किंमत ३०० रुपये. कंपनीनं हजार गुणिले तीनशे करून ३ लाख लिहिले. घ्यायला लागणारे दहा रुपये वजा केले नाहीत, आणि हे हक्क चार वर्षांत मिळायचे असून पहिल्याच वर्षाच्या बेरजेत धरले.

हक्क एकदम मिळत नाहीत, थोडेथोडे पिकतात. दर वर्षी २५०. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांनुसार हक्क दिल्यापासून किमान एक वर्ष काहीच पिकवता येत नाही. अकराव्या महिन्यात सोडलं तर हातात शून्य. दोन वर्षांनी सोडलं तर ५००. आणि सोडल्यावर ते वापरायला मुदत असते, बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांची. मुदत टळली की पिकलेलेही जातात.

ते ५०० वापरायचे ठरवले, समजा. १० रुपयांनी ५,००० भरायचे. पण आयकर खातं म्हणतं, ३०० चा माल १० ला मिळाला, वरचे २९० हा पगारच आहे. पाचशे गुणिले २९०, १ लाख ४५ हजार. तुमचं उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह ३०,१६० रुपये कर. हा कर आत्ता, रोख. शेअर मात्र विकता येत नाही, कारण कंपनी बाजारात नोंदलेली नाही आणि घेणारा कुणी नाही. सरकारी आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपमध्ये हा कर काही वर्षं पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की तीही सवलत संपते. आपली कंपनी त्यात बसते का, हे एचआरला लेखी विचारा.

‘कंपनी विकली गेली की पैसे मिळतीलच ना?’ मिळतील, पण रांगेत. समजा गुंतवणूकदारांनी ६० कोटी घालून ४० टक्के वाटा घेतला. संस्थापकांकडे ५० टक्के, कर्मचाऱ्यांच्या हक्कांसाठी १० टक्के. कंपनी ७० कोटींना विकली गेली. कर्मचाऱ्यांना वाटतं, आपले ७ कोटी. पण करारात बहुधा लिहिलेलं असतं, की गुंतवणूकदारांचे घातलेले पैसे आधी निघणार. ६० गेले. उरलेले १० कोटी संस्थापक आणि कर्मचारी यांत पाचास एक या प्रमाणात वाटले जातात. कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येतात दीड-पावणेदोन कोटी. कुणी लबाडी केलेली नाही, करारच तसा होता.

म्हणून माझं स्पष्ट मत : पगाराची तुलना करताना ईसॉपची किंमत शून्य धरा. मिळाले तर आनंद. घर, लग्न, बहिणीची फी यांचा हिशेब पक्क्या पगारावर मांडा. तरी तीन प्रश्न विचाराच : कंपनीचे एकूण शेअर किती, म्हणजे आपले हजार हे कितीतले हजार? सोडल्यावर मुदत किती? आजवर कंपनीनं कर्मचाऱ्यांकडून शेअर परत विकत घेतलेत का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर त्या कागदाला वजन आहे.

साताऱ्यात बसून काम होईल का?

होतं, बरेच जण करतात. गल्लीतून येणाऱ्या एकाच फायबर लाइनवर विसंबू नये. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर डेटा तयार असावा. वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, बंद पडतो तो राउटर. घरच्या इन्व्हर्टरवर बऱ्याचदा मागे एक बटण असतं, ते यूपीएस मोडवर ठेवा. नाहीतर वीज गेल्याच्या क्षणी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि बैठकीतली दोन-तीन मिनिटं बुडतात. १५० एएचची चांगली बॅटरी लॅपटॉप, राउटर आणि एक पंखा सहा-सात तास ओढते. पावसाळ्यात हे लागतंच.

अवघड भाग वेगळा आहे. ऑफिसात उभ्याउभ्या ठरलेली गोष्ट दूरच्या माणसाला कळत नाही. पहिले सहा महिने पुण्याला राहून काम शिकावं आणि मग साताऱ्यातून करावं, हे मला जास्त बरं वाटतं. साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटर आहे. महिन्यातून दोनदा जाणं जमतं, रोज खंबाटकी ओलांडणं जमत नाही.

आणि बंद पडली तर?

पडू शकते. चिन्हं आधी दिसतात. प्रवासखर्चाची बिलं अडकतात. नवी भरती अचानक थांबते. हिशेब खात्यातला वरचा माणूस सोडून जातो. पगार एक तारखेवरून सातवर जातो. सगळ्यात पक्कं चिन्ह पीएफचं : पगारातून कापला जातो, पण पासबुकात चढत नाही. उमंग अ‍ॅपवर दर महिन्याला बघायची सवय लावा, दोन मिनिटांचं काम आहे. टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला आयकर, भरला की नाही ते आयकराच्या संकेतस्थळावर फॉर्म २६एएसमध्ये दिसतं. रुजू होण्याआधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून बघा, वार्षिक हिशेब शेवटचा कोणत्या वर्षाचा भरलाय ते तिथं कळतं.

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत मोठा हप्ता घेऊ नये. पदवीचं मूळ प्रमाणपत्र कुणालाही ठेवायला देऊ नये, छायाप्रत पुरते. आणि कंपनी बंद पडो वा आपण सोडो, शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करायच्या आधी एवढं हातात घ्यावं : मुक्तता पत्र, अनुभव पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आणि पिकलेले हक्क किती व ते वापरायची शेवटची तारीख कोणती याचं लेखी उत्तर. सगळं स्वतःच्या मेलवर, कारण कंपनीचा मेल बहुधा त्याच संध्याकाळी बंद होतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते बघावं. ती नसेल तर पुढच्या नोकरीत जुनी रक्कम वळवताना अडतं. कंपनीनं भरली नाही, तर शेवटच्या हप्त्याला दोन महिने उलटल्यावर ती आपली आपल्यालाही भरता येते.